एका खोलीच्या शाळेची दुरुस्ती : ठाण्यातील एका वास्तुजतन सेवेचे परीक्षण

मुरबाड तालुक्यातील आमच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात, एका खोलीची आणि पुढे पडवी असलेली जुनी दगडी इमारत आहे. ती निर्लेखित करून पाडावी असा विषय निघाला, तेव्हा ग्रामसभेचा व शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घेऊन, जिल्हा परिषदेची रीतसर परवानगी मिळवून आणि वर्गणी जमवून आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ती दुरुस्त करून घेण्याचे ठरवले. आमच्यापैकी बहुतेक जण आता ठाणे, कळवा आणि डोंबिवली या भागांत राहतात, त्यामुळे काम नौपाड्यातील एका वास्तुजतन कार्यालयाकडे सोपवले. काम पुरे होऊन त्यावरून एक पावसाळा गेला आहे. चुन्याच्या कामाविषयी पावसाळ्यापूर्वी मत देण्यात फारसा अर्थ नसतो, म्हणून हे परीक्षण आता लिहीत आहे. यात स्तुती आहे तशाच तक्रारीही आहेत, म्हणून कार्यालयाचे नाव देत नाही. परंतु ज्यांच्या गावात अशी शाळा अजून उभी आहे आणि जे अशा सेवेच्या शोधात आहेत, त्यांनी काय मागावे आणि कशाला नकार द्यावा, हे पुढील मजकुरातून कळावे.

इमारत केव्हाची आणि कशासाठी बांधलेली, याचा शोध हा या सेवेचा पहिला टप्पा असतो आणि तो त्यांनी मनापासून पार पाडला. आमच्याकडे बांधकामाचा एकही कागद नव्हता. मात्र शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, होती. त्यांपैकी सर्वांत जुन्यांच्या पुठ्ठ्यांवर जिल्हा लोकल बोर्डाचा शिक्का, त्यानंतरच्यांवर स्कूल बोर्डाचा आणि अलीकडच्यांवर जिल्हा परिषदेचा, असा क्रम लागत होता. मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा १८८४ साली झाला, १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांच्या कारभारासाठी स्कूल बोर्डांची व्यवस्था आली, १९४७ च्या कायद्याने तिची फेररचना झाली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर या शाळा त्यांच्याकडे आल्या. म्हणजे ज्या खोलीत आमच्यापैकी काहींनी पाढे म्हटले, तिने तीन धनी पाहिले आहेत. कार्यालयातील मंडळींनी हा क्रम छपराशी ताडून पाहिला. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावरील सरकारी इमारतींवर गवताची किंवा नळ्याच्या देशी कौलांची जागा या एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलांनी घेतली. कौलांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. आमच्या छपरावर अनेक कारखान्यांचे ठसे निघाले, यावरून छप्पर वेळोवेळी बदलत गेल्याचे स्पष्ट झाले. बांधकामाचे नेमके साल त्यांनी ठोकून दिले नाही. पाटीवर टाकायला एखादे साल मिळावे अशी गावाची फार इच्छा होती, तरी त्यांनी ते दिले नाही, हे मला विशेष आवडले.

याहून मोलाचे काम त्यांनी आतल्या भिंतींवर केले. ऑइलपेंट, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली चुन्याच्या सफेदीचे कितीतरी थर, असे एकेक थर हातभर पट्ट्यात खरवडून पाहिल्यावर एका भिंतीवर नव्हे, तर समोरासमोरच्या दोन भिंतींवर काळे चौकोन निघाले. ते भिंतीतच केलेले फळे होते. वर नकाशे अडकवण्याचे लोखंडी आकडे, एका कोपऱ्यात मास्तरांच्या खुर्चीखालचा बुटका चौथरा आणि खिडक्यांच्या खाली पाट्या ठेवण्याजोगे कोनाडे. या खुणा एकत्र मांडून त्यांनी खोलीचा जो नकाशा काढला, तो पाहिल्यावर एकच शिक्षक चार इयत्ता एका खोलीत कसा सांभाळत असेल, याचे उत्तर मिळते. पहिली आणि दुसरीची मुले एका फळ्याकडे तोंड करून बसत, तिसरी आणि चौथीची दुसऱ्याकडे. मास्तर एका गटाला गणिते घालून दिली की पाठ फिरवून दुसऱ्या गटाचे वाचन घेत आणि मधल्या वेळात वरच्या इयत्तेतला एखादा हुशार मुलगा लहानांची उजळणी घेई. मोठ्याने धाकट्याला शिकवण्याची ही रीत पंतोजींच्या शाळेतही होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतली अशीच रीत पाहून ती आपल्या अनाथाश्रमात वापरली आणि नंतर ती इंग्लंडमध्ये मद्रास पद्धत म्हणून पसरली, ही माहिती कार्यालयाच्या अहवालात आहे. आज बहुवर्ग अध्यापन या नावाने शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले जाते. दोन फळ्यांची ही खोली त्या पद्धतीसाठी विचारपूर्वक बांधलेली होती, हे आमच्या लक्षात कधीच आले नव्हते, कारण आमच्या वेळी दुसरा फळा रंगाखाली गेलेला होता.

अहवालाचा एक भाग मात्र मला परत पाठवावा लागला. पडवीविषयी त्यात असे लिहिले होते की, उन्हापावसापासून आडोसा मिळावा आणि दुपारची शिदोरी खाता यावी यासाठी ती बांधली गेली. हे खोटे नाही. पण गावातील जुनी माणसे आणखीही एक गोष्ट सांगतात. काही जातींच्या मुलांना आत घेतले जात नसे आणि ती पडवीत बसून, दारातून दिसेल तेवढा फळा पाहून शिकत. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या, परंतु ठराव होणे आणि उंबरठा ओलांडू देणे यांत खेड्यापाड्यांत पुष्कळ अंतर राहिले. त्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, अशी मागणी केली होती. शाळेचा इतिहास सांगायचा आणि यातले काहीच सांगायचे नाही, तर मग दगडचुन्याचे वर्णन पुरे आहे. आमच्या आग्रहावरून मजकूर दुरुस्त झाला. त्यांनी त्यासाठी गावात पुन्हा येऊन, ज्या वस्तीत पहिल्या वेळी कोणी गेलेच नव्हते तिथे बसून म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ऐकले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु ती वस्ती पहिल्या फेरीत वगळली गेली, ही त्रुटी गुण देताना मी मोजली आहे. असे काम देणाऱ्याने माहिती कोणाकोणाकडून घेतली याची यादी आधीच मागून घ्यावी.

आता प्रत्यक्ष बांधकामाविषयी, कारण पैसा तिथेच खर्च झाला. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या आणि जवळजवळ दोन फूट जाडीच्या आहेत. त्यांच्यावर कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला होता आणि तेव्हापासून आतल्या बाजूचा रंग दर पावसाळ्यानंतर पोपडे धरून गळत असे. याचे कारण त्यांनी आम्हाला जागेवर दाखवले. काळा दगड स्वतः फारसे पाणी पीत नाही. जोत्यातून चढणारी आणि छपरातून उतरणारी ओल त्याच्या सांध्यांमधल्या चुन्यातून फिरते आणि उन्हाळ्यात बाहेरच्या वाऱ्याने सुकते. बाहेरून सिमेंटचा दाट थर बसला की ती वाट बंद होते, ओल आतल्या बाजूने बाहेर पडू लागते आणि येताना क्षार घेऊन येते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात अशी भिंत पुन्हा पुन्हा रंगवणे म्हणजे तापाच्या माणसाला शाल बदलून पाहणे. म्हणून त्यांनी सिमेंटचा सगळा गिलावा छिन्नी-हातोडीने उतरवला, यंत्राचा धक्का भिंतीला लागू दिला नाही आणि उघडी भिंत उन्हाळ्यात तशीच सुकत ठेवली. या काळात गावातील लोकांनी काम बंद पडल्याची आवई उठवली होती. सुकवण्याचा वेळ हा कामाचाच भाग असतो, हे त्यांनी आधी पंचायतीत येऊन समजावून सांगितले असते, तर आमची बरीच डोकेदुखी वाचली असती.

चुन्याच्या बाबतीत त्यांची पद्धत काटेकोर होती. मूळ चुन्याचा एक ढेकूळ सौम्य आम्लात विरघळवून, खाली उरलेली वाळू धुऊन, वाळवून आणि चाळून त्यांनी वाळूचे प्रमाण व तिच्या कणांचा आकार पाहिला आणि त्याला जुळेल असेच नवे मिश्रण केले. कळीचा चुना पाण्यात विरवून तो पुष्कळ दिवस पाण्याखाली मुरत ठेवला होता. दमट जोत्याजवळच्या थरांत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली होती, कारण साधा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो आणि ओलीत तो मऊ राहतो, तर सुरखीमुळे तो पाण्यातही आवळून धरतो. प्रत्येक जुन्या भिंतीच्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर आणि अंडी घातलेली होती, ही कथा गावोगाव ऐकू येते आणि आमच्या गावातही ती सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. या मंडळींनी गूळ आणि हिरडा थोड्या प्रमाणात वापरला, त्याचे काम मिश्रण नीट मळले जाणे आणि तडे कमी पडणे एवढेच आहे असे सांगितले आणि अंड्यांचा विषय हसून सोडून दिला. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्यानंतर आणि गिलावा केल्यानंतर भिंती ओल्या गोणपाटांनी झाकून ठेवल्या होत्या. तरीही पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे पावसाळा जवळ आल्याने दुसरा थर घाईने चढवला गेला, बारीक तडे आले. ते त्यांनी दिवाळीनंतर स्वखर्चाने काढून पुन्हा केले. यंदाच्या पावसात आतली एकही भिंत पोपडलेली नाही.

छपराचे काम हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. आढे आणि तुळया सागाच्या, वासे बहुतेक ऐनाचे. स्थानिक ठेकेदाराने सगळे लाकूड उतरवून लोखंडी नळ्या आणि पत्रे घालण्याचा दर दिला होता आणि तो निम्म्याहून कमी होता. या कार्यालयाच्या सुताराने प्रत्येक वासा ठोकून, टोचून तपासला. लाकूड मधल्या भागात ठणठणीत होते. कुजले होते ते भिंतीत गेलेले टोक, जिथे ओल साचून वाळवीला वाट मिळाली होती. त्यांनी तेवढेच टोक तिरपे कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधला आणि भिंतीतील बसण्याच्या जागेभोवती हवेसाठी मोकळी फट ठेवली. कौले उतरवून घासली, एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि ज्यांचा आवाज बद्द आला ती बाजूला काढली. कमी पडलेली कौले त्यांनी कल्याण आणि भिवंडीकडच्या, पाडल्या जात असलेल्या जुन्या घरांतून मिळवली. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि गळती नेमकी तिथेच सुरू होते. म्हणून पाठीवरचे ठसे पाहून त्यांनी कौलांची वर्गवारी केली आणि एका पाखाडीवर, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवर, शक्यतो एकाच कारखान्याची कौले चढवली. पूर्वी जिथे काचेची कौले होती, तिथे ती पुन्हा बसवली, त्यामुळे वीज गेली तरी दोन्ही फळ्यांवर उजेड पडतो. फरशीबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. नंतरचा सिमेंटचा कोबा काढून शहाबादी फरशी बसवली आणि ती बरी आहे.

अंदाजपत्रकाविषयी माझी तक्रार आहे. ते इंग्रजीत होते, दुरुस्तीच्या बाबी आणि सल्ल्याच्या बाबी एकमेकांत मिसळलेल्या होत्या आणि सल्ल्याचे शुल्क एकूण खर्चाच्या टक्केवारीने आकारले जात होते. खर्च वाढला की ज्याची मिळकतही वाढते, त्याच्याकडेच खर्चावर लक्ष ठेवण्याचे काम देणे वर्गणीच्या पैशाला परवडत नाही. आम्ही शुल्क ठराविक रकमेचे करून घेतले आणि बाबी मराठीत वेगळ्या मांडून मागितल्या. त्यांनी खळखळ न करता दोन्ही गोष्टी मान्य केल्या, तरी पहिल्याच भेटीत हे स्पष्ट करून घ्यावे. चुन्याचे काम सिमेंटपेक्षा महाग पडते आणि वेळ खाते, हे गृहीत धरूनच त्यांच्याकडे जावे.

खरा मतभेद झाला तो इमारतीच्या पुढील उपयोगावरून. त्यांच्या आराखड्यात ही खोली संग्रहालय होणार होती. बाजारातून आणलेल्या जुन्या पाट्या, दौती, पितळी घंटा, धोतर-टोपीतला मास्तरांचा पुतळा आणि बाहेर इंग्रजी मजकुराचा फलक, असे सर्व त्यात होते. सोबत त्यांनी अमेरिकेतील जतन केलेल्या एकखोली शाळांची छायाचित्रे जोडली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे अशा एकशिक्षकी शाळांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. मोटारी आणि शालेय बस आल्यावर त्या मोठ्या शाळांत विलीन झाल्या आणि उरलेल्यांपैकी कित्येक ठिकठिकाणच्या इतिहास मंडळांनी सांभाळल्या. हेन्री फोर्ड यांनी तर ज्या खोलीत ते स्वतः शिकले, ती स्कॉच सेटलमेंट शाळा उचलून आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेऊन बसवली. ते त्या देशाला शोभते, कारण तिथली ती शाळा संपली आहे. आपल्याकडे एकशिक्षकी शाळा मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर आजही भरते. तिच्या मास्तरांचा पुतळा करून कोपऱ्यात उभा करण्याची वेळ अजून आलेली नाही आणि शेजारच्या इमारतीत जिवंत गुरुजी शिकवत असताना तो पाहायला मुले कशाला येतील, हेही मला कळले नाही.

शेजारची ती इमारत कशी आली, यातच या खोलीच्या उपयोगाचे उत्तर होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन मोठ्या खोल्या आणि किमान दोन शिक्षक असावेत, असा निकष घातला. निकष अत्यंत योग्य होता, पण त्यामुळे अनेक गावांत नव्या खोल्या झाल्या आणि जुनी खोली अडगळीची झाली. आमच्या शाळेत तिथे पोषण आहाराचा तांदूळ साठवला जाई आणि भिंतीला टेकवलेल्या पोत्यांमुळे ओल आणखी कोंडली जात असे. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापकांसाठी एक खोली आणि वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय, अशा गोष्टी आवश्यक ठरवण्यात आल्या. आमच्या शाळेला ग्रंथालयासाठी खोली नव्हती. तेव्हा दुरुस्त केलेली ही खोली शाळेचे वाचनालय करावी, असे आम्ही सुचवले. शिक्षकांनी ते उचलून धरले आणि संग्रहालयाचा आराखडा मागे पडला. कार्यालयाने त्यानंतर केलेली रचना मात्र नेटकी आहे. कोनाड्यांत पुस्तके ठेवली आहेत, दोन्ही फळे काळे करून वापरात आणले आहेत, भिंतीला न टेकता उभी राहणारी बुटकी लाकडी कपाटे केली आहेत आणि इतिहासाचा मजकूर पडवीत, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर, मराठीत लावला आहे. पडवीत कोण बसत असे, तेही त्यात लिहिले आहे. जुन्या रजिस्टरांची छायाचित्रे काढून त्यांनी एक प्रत शाळेला दिली. मूळ रजिस्टरे मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहिली आणि ते योग्यच झाले, कारण कोणाचा जन्मदाखला निघाला नाही की लोक अजूनही शाळेच्या दाखल्यासाठी त्यांच्याकडेच येतात.

आणखी एक गोष्ट काम देण्यापूर्वी विचारून घ्यावी. त्यांचे गवंडी बाहेरगावचे होते आणि आमच्या गावच्या गवंड्याला त्यांनी सुरुवातीला केवळ वाळू वाहायला लावले. अशा इमारतीला दर वर्षी माणूस लागतो. पावसाळ्यापूर्वी कौलांची शाकारणी, पन्हळीतला पाला काढणे, निघालेला दर्जा चुन्यानेच भरणे आणि दर दोन-तीन वर्षांनी चुन्याची सफेदी एवढे गावातच झाले नाही, तर ठाण्याहून माणूस बोलावण्याचा खर्च कोणतीही शाळा पेलू शकणार नाही. आम्ही हे बोलून दाखवल्यावर जोत्याचे संपूर्ण काम त्या गवंड्याकडून, त्यांच्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली करून घेतले गेले. देखभालीची पुस्तिकाही आधी इंग्रजीतच आली होती. तिच्याऐवजी आता काय करावे आणि सिमेंट, ऑइलपेंट व प्लास्टिक पेंट यांपैकी काय कधीही लावू नये, याचा मराठीतला एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. यंदाची शाकारणी गावच्या गवंड्याने केली. कार्यालयातून एक जण ती पाहून गेला आणि त्याचे शुल्क लावले नाही.

चुना, दगड, लाकूड आणि कौले यांच्या दुरुस्तीसाठी मी या कार्यालयाला पाचपैकी साडेचार गुण देईन, इतिहासाच्या शोधासाठी तीन आणि हिशेबासाठी दोन. आपल्या गावातील शाळा दगडचुन्याची आणि कौलारू असेल तरच त्यांच्याकडे जावे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील सिमेंट ब्लॉक आणि स्लॅबच्या खोल्यांसाठी त्यांच्यापाशी वेगळे असे काही कसब नाही, आणि विचारल्यावर त्यांनी स्वतःच तसे सांगितले. काम सोपवायचे असेल तर दिवाळीनंतर लगेच बोलणी सुरू करावीत, कारण भिंत सुकायला पुरा उन्हाळा मिळाला पाहिजे, आणि त्यांच्या आधीच्या कामांपैकी निदान दोन पावसाळे पाहिलेले एखादे काम जुलै-ऑगस्टमध्ये स्वतः जाऊन, आतल्या भिंतीला हात लावून पाहावे.